रोग वॉरंटीत, मरण वॉरंटीबाहेर

एप्रिल २०२४ मधला एक रविवार. दाजी आणि ताई हडपसरचं लग्न उरकून साताऱ्याला परत येत होते. लग्नसराईची गर्दी, दुपारचं ऊन, खंडाळ्यापासूनच गाड्यांची रांग लागलेली. तेव्हा साताऱ्याहून पुण्याला जाताना बोगदा मिळायचा, पण पुण्याहून येणाऱ्याला खंबाटकी घाट चढूनच यावं लागायचं. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थांबत-थांबत अर्धा घाट चढला आणि एसीतून गरम हवा यायला लागली. दाजींनी एसी बंद करून काचा खाली केल्या. तापमानाचा काटा तेव्हा मध्यावर होता. ताईनेही तो पाहिला होता, आणि पुढे या एका गोष्टीला फार महत्त्व आलं. दोन-तीन मिनिटांनी काटा एकदम वर गेला, लाल दिवा लागला. एका बाजूला कठडा, मागे ट्रक. कडेला घ्यायला जागा मिळेपर्यंत गाडी आणखी सातशे-आठशे मीटर चढली. थांबली ती वाफ सोडतच. नंतर स्टार्टर फिरत होता, पण इंजिन काही चालू झालं नाही.

गाडी डिझेल, बीएस-४ या प्रदूषण-निकषाची, ऑक्टोबर २०१८ मध्ये १०,६०,००० रुपयांना घेतलेली. दोन वर्षांची मूळ वॉरंटी आणि पैसे भरून वाढवलेली तीन वर्षं, अशी एकूण पाच वर्षं १८ ऑक्टोबर २०२३ ला संपली. इंजिन बसलं त्यानंतर जवळपास सहा महिन्यांनी, ७८,६०० किलोमीटरवर. प्रकरण मिटलेलं आहे, त्यामुळे कंपनीचं आणि वर्कशॉपचं नाव इथे घेत नाही. ज्यांची गाडी वॉरंटी संपल्यावर अशी अडकते, त्यांना यातून काय करता येतं ते कळावं, एवढ्यासाठी सगळं आकड्यांसकट लिहितो आहे.

पहिलं एस्टिमेट

टोइंगचा खर्च विम्यातल्या रस्त्यावरच्या मदतीत बसला. सोमवारी सकाळी दाजी अधिकृत वर्कशॉपमध्ये गेले. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने स्कॅनर लावला, इंजिन जास्त तापल्याचा कोड निघाला, आणि संध्याकाळपर्यंत एस्टिमेट हातात आलं: संपूर्ण इंजिन बदलणे, ४,१२,००० रुपये. वॉरंटी संपलेली असल्याने सगळा खर्च ग्राहकाचा. दोन दिवसांत होकार द्या, नाहीतर गाडी हलवा, नंतर रोजचं तीनशे रुपये पार्किंग लागेल.

दाजींचा कोरेगावात आल्याचा धंदा आहे, थोडी शेतीही आहे. चार लाख उभे करायचे तर सोसायटीचं कर्ज किंवा सोनं, दुसरा रस्ता नव्हता. त्या रात्री मी त्यांच्याकडे पोचलो तेव्हा ताईने तारण ठेवायला पाटल्या काढून ठेवल्या होत्या. रुमालात गुंडाळलेल्या त्या पाटल्या पाहिल्यावर मी दाजींना एवढंच म्हटलं, "उद्या कशावरही सही करू नका. आधी मला फाईल द्या."

मी पतसंस्थेत हिशेबाचं काम करतो. इंजिनातलं मला कळत नाही, पण पावत्या वाचता येतात. दाजींची एक गोष्ट वाखाणण्यासारखी: गाडी घेतल्यापासूनचं प्रत्येक बिल आणि जॉब कार्ड त्यांनी लाल फोल्डरमध्ये लावून ठेवलं होतं. मी ते तारखेने लावलं आणि प्रत्येक बिलातली एकेक ओळ वाचत गेलो. ऑइल, फिल्टर, व्हील अलाइनमेंट. मग नोव्हेंबर २०२२, ५८,२०० किलोमीटर: कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) अर्धा लिटर. मे २०२३, ६४,९०० किलोमीटर: कूलंट एक लिटर, आणि जॉब कार्डवर ग्राहकाची तक्रार म्हणून लिहिलेलं, "सकाळी पांढरा धूर येतो." त्याच्यापुढे शेरा: "तपासले, ठीक." शेवटचं कार्ड ९ ऑक्टोबर २०२३ चं, वॉरंटी संपायला नऊ दिवस उरले असतानाचं, ७१,३०० किलोमीटर. पुन्हा कूलंट एक लिटर.

अडीच लिटर कूलंट, तेरा हजार किलोमीटरमध्ये. दाजींना विचारलं, हे कशाला भरत होते? म्हणाले, "कमी झालंय म्हणायचे, टॉप-अप करायचे. मला वाटलं पेट्रोल-डिझेलसारखं ते पण संपतं."

काकांनी काय सांगितलं

माझ्या सासऱ्यांचे एक मित्र एसटीच्या वर्कशॉपमधून फोरमन म्हणून निवृत्त झाले. त्यांना सगळे काकाच म्हणतात. मंगळवारी सकाळी गोडोलीत त्यांच्या घरी फोल्डर घेऊन गेलो. तीन बिलं त्यांनी शेजारी-शेजारी ठेवली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग त्यांनी समजावलं ते असं. कूलंटची यंत्रणा बंद असते. इंजिनाभोवतीच्या पोकळीतून फिरायचं, रेडिएटरमध्ये गार व्हायचं, परत यायचं. एवढ्या गाडीत साधारण सहा-सात लिटर असतं. वर्षानुवर्षं चालवली तरी बाटलीतली पातळी बोटभरही हलता कामा नये. अडीच लिटर गेलं म्हणजे यंत्रणेतला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त माल कुठेतरी गेला. खाली थेंब पडत असता तर जमिनीवर डाग दिसला असता. डाग नाही, सकाळी पांढरा धूर आहे, म्हणजे कूलंट इंजिनाच्या आत जाऊन जळतंय.

"दोन जागा," काका म्हणाले. "एक हेड गॅस्केट, इंजिनाच्या दोन भागांमधलं पॅकिंग. दुसरी ईजीआर कूलर. डिझेलला माझा पहिला संशय कूलरवर."

हा कूलर बहुतेक गाडीमालकांना माहीतही नसतो. प्रदूषण कमी करण्यासाठी धुराचा काही भाग परत इंजिनात सोडतात, आणि सोडण्याआधी तो गार करावा लागतो. त्यासाठी एक स्टीलचा डबा असतो, आत पातळ नळ्या, एका बाजूने तापलेला धूर आणि दुसऱ्या बाजूने कूलंट. तापणं-गार होणं चालू राहून नळीला बारीक तडा गेला की कूलंट धुराच्या मार्गात झिरपतं आणि जळून जातं. बाहेर थेंब नाही, खाली डाग नाही, बाटली मात्र रिकामी.

मग कूलंट पुरेसं नसताना घाट आला. इंजिनाचं हेड (वरचा भाग) अ‍ॅल्युमिनियमचं आणि खालचा ब्लॉक बिडाचा. सारख्याच उष्णतेत अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. ते बोल्टने जखडलेलं असल्यामुळे सरळ वाढता येत नाही, म्हणून वाकतं. वाकलं की मधलं गॅस्केट सुटतं. गॅस्केट सुटलं की सिलिंडरमधलं कॉम्प्रेशन, म्हणजे दाबलेली हवा, शेजारी पळतं आणि गाडी चालू होत नाही.

मी म्हटलं, पण ते पूर्ण इंजिन बदलायला सांगताहेत. काकांनी विचारलं, "स्टार्टर मारल्यावर इंजिन फिरत होतं का?" दाजी म्हणाले, फिरत होतं. "मग जॅम नाही झालेलं. जॅम झालं असतं तर स्टार्टर घुम्म करून थांबला असता. खोलल्याशिवाय, मोजल्याशिवाय पूर्ण इंजिन बदला म्हणणं मला पटत नाही."

आणखी एक गोष्ट त्यांनी स्वतःहून विचारली: काटा कधी चढला? ताईने सांगितलं, एसी गरम झाला तेव्हा काटा मध्यावरच होता, मग एकदम वर गेला. काका म्हणाले, हे लिहून ठेव. तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच खरं सांगतो. पातळी त्याच्या खाली गेली की तो हवेत किंवा वाफेत उघडा पडतो आणि काटा कमी दाखवतो किंवा वेडावाकडा हलतो. हेड भाजत असताना काटा शांत असू शकतो. चालकाला इशारा मिळतो तो उशिरा.

गाडी खोलण्याआधीचं पत्र

माझ्या मते या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं काम आम्ही त्या मंगळवारी दुपारी केलं. वर्कशॉपच्या नावाने पत्र दिलं, पोच घेतली, आणि तेच कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल केलं. इंजिन आमच्या समोरच खोलावं, त्याआधी काहीही वेगळं करू नये. काढलेला प्रत्येक भाग, विशेषतः ईजीआर कूलर आणि हेड गॅस्केट, जपून ठेवावा, टाकू नये, आमचा निर्णय होईपर्यंत आमच्या ताब्यात द्यावा. हेड आणि ब्लॉकची मापं लेखी द्यावीत. तक्रार प्रलंबित असेपर्यंत पार्किंग आकारू नये. खाली तीन बिलांचे क्रमांक आणि तारखा. रागाचा एकही शब्द त्यात नव्हता. दाजींना दोन-चार खडे बोल घालायचे होते, मी घालू दिले नाहीत.

हे आधी करण्याचं कारण सरळ आहे. एकदा इंजिन खोललं, जुने भाग भंगारात गेले, की नक्की काय बिघडलं होतं याचा पुरावा जगात कुठे राहत नाही. मग त्यांचा शब्द आणि आपला शब्द. वर्कशॉपच्या मॅनेजरने पत्र वाचून आधी नाक मुरडलं, पण पोच दिली. खोलण्याची मजुरी म्हणून ९,००० रुपये आगाऊ मागितले. ते भरले, पावती घेतली, आणि ही रक्कम अंतिम बिलात वळती होईल असं त्यावर लिहून घेतलं.

विम्याकडेही विचारून पाहिलं. पॉलिसीत इंजिन संरक्षणाचं कलम होतं, पण ते पाणी शिरून किंवा बाहेरून मार लागून ऑइल गळून झालेल्या नुकसानीसाठी. यांत्रिक बिघाड त्यात बसत नाही. तो मार्ग एका फोनवर बंद झाला.

बादली

पुढच्या सोमवारी इंजिन खोललं. मी सुट्टी घेतली, काका त्यांची स्टीलची सरळ पट्टी आणि फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पातळ पट्ट्या) पिशवीत घालून आले. वर्कशॉपच्या मिस्त्रीने त्यांना पाहून खुर्ची दिली. दोघांची ओळख नव्हती, पण हातातली पट्टी पाहिल्यावर त्याला कळलं.

हेड निघालं. दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरच्या मधलं गॅस्केट जळून काळं पडलेलं उघड दिसत होतं. पट्टी आडवी, उभी, तिरकी ठेवून खालून फीलर सरकवला. अशा हेडला साधारण ०.०५ मिलिमीटरपर्यंतचा वाक चालतो. इथे ०.१६ निघाला. या मॉडेलमध्ये हेड मशीनवर घासून सपाट करायला कंपनीची मनाई होती, म्हणजे हेड नवीन लागणार. पण सिलिंडरच्या भिंतींवर होनिंगच्या, म्हणजे कारखान्यात घासून पाडलेल्या, तिरक्या रेघा स्वच्छ दिसत होत्या, ओरखडा नव्हता. बोअर गेजने सिलिंडरच्या व्यासाची मापं घेतली, ती मर्यादेत. ब्लॉकचा माथा सपाट. क्रँक हाताने फिरत होता, बेअरिंगचे शेल साफ होते. मिस्त्रीने स्वतःच ती मापं जॉब कार्डवर लिहिली. पूर्ण इंजिन बदलायची गरज नव्हती, हे त्या कागदावर त्यांच्याच अक्षरात आलं.

मग ईजीआर कूलर. मिस्त्री म्हणाला, वरून तर चांगला दिसतोय. काकांनी रबरी बूच मागितलं, कूलंटच्या एका तोंडाला लावलं, दुसऱ्या तोंडाला हवेची नळी जोडली. धुण्याच्या ठिकाणाहून पाण्याने भरलेली बादली आणली. कूलर त्यात बुडवला आणि हवा हळूहळू सोडली. क्षणभर काहीच नाही. मग धुराच्या तोंडातून एकामागोमाग बारीक बुडबुडे वर यायला लागले. ज्या बाजूला कूलंट असतं त्या बाजूची हवा धुराच्या बाजूने बाहेर येत होती. मी मोबाइलवर व्हिडिओ घेत होतो. त्यात मॅनेजर दिसतो, मिस्त्री दिसतो, कूलरवरचा पार्ट नंबर दिसतो. कोणीच काही बोललं नाही. दाजी बादलीजवळ वाकून बघत राहिले. नंतर घरी जाताना एवढंच म्हणाले, "दीड वर्ष हे होतं आत."

मे २०२३ ला पांढऱ्या धुराची तक्रार आली तेव्हा काय करता आलं असतं, हेही काकांनी मॅनेजरसमोर शांतपणे सांगितलं. रेडिएटरच्या टोपीच्या जागी हातपंप लावून यंत्रणेत दाब भरायचा आणि पंधरा-वीस मिनिटं काटा पाहायचा. काटा उतरला आणि बाहेर गळती नाही, म्हणजे गळती आत आहे. अर्ध्या तासाचं काम, वॉरंटीत फुकट. तेव्हा तो कूलर बदलला असता तर हेड वाकलंच नसतं.

नवं एस्टिमेट आलं ते १,९४,००० रुपयांचं: भाग १,४९,०००, मजुरी ३३,०००, बाहेरची तपासणी आणि किरकोळ १२,०००. भागांवर तेव्हा २८ टक्के जीएसटी होता, मजुरीवर १८. भागांवरचा तो दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वर आला, आम्हाला त्याचा उपयोग झाला नाही.

४,१२,००० वरून १,९४,०००. केवळ मोजल्यामुळे.

या फरकाने निर्णयच बदलला, म्हणून थोडं थांबतो. त्या आठवड्यात दाजींनी गाडी आहे त्या अवस्थेत विकायची चौकशी केली होती. जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्याने २,४०,००० देऊ केले. तशीच चालू गाडी बाजारात पावणेसहा लाखांना जात होती. चार लाख बारा हजार घालून पावणेसहा लाखांची गाडी मिळवण्यापेक्षा तशीच विकणं शहाणपणाचं ठरलं असतं, आणि दाजी त्या बाजूला झुकलेही होते. १,९४,००० ला मात्र दुरुस्ती सरळ फायद्याची होती. जुन्या बाजारातलं इंजिन टाकण्याचाही सल्ला एकाने दिला, नव्वद हजारांत. काकांनी मोडता घातला: त्या इंजिनाचा इतिहास कोणाला ठाऊक नाही, आणि इंजिन नंबर बदलला की आरटीओत नोंद करून आरसीवर चढवावा लागतो. ती न करता एमएच-११ ची गाडी रस्त्यावर आणली तर पुढे विमा आणि विक्री दोन्हीकडे अडचण.

आमच्या बाजूच्या चुका

कंपनीचं पहिलं उत्तर तेरा दिवसांनी आलं. नकार. तीन कारणं दिली होती, आणि त्यातली दोन वस्तुस्थिती म्हणून खरी होती.

पहिलं, २०२१ मध्ये एक सर्व्हिस चार महिने उशिरा झाली होती. खरं होतं. कोविडची दुसरी लाट होती, तरी उशीर तो उशीर. दुसरं, कूलंटच्या बाटलीत साधं पाणी सापडलं. हेही खरं. मार्च २०२४ मध्ये कराडला बाटली रिकामी दिसली म्हणून दाजींनी विकतच्या बाटलीतलं अर्धा लिटर पाणी ओतलं होतं. तिसरं, इशारा मिळूनही गाडी चालवत राहिले.

पाण्याचं मान्य करायचं की नाही यावर आमच्या घरात वाद झाला. दाजींना वाटत होतं, आपण कशाला कबूल करायचं. ताई म्हणाली, "आपण खरं सांगतोय म्हणूनच आपलं म्हणणं उभं राहील." मलाही तेच वाटत होतं. आम्ही उत्तरात सगळं मान्य केलं आणि प्रत्येक गोष्टीचा या बिघाडाशी संबंध काय, एवढंच विचारलं. २०२१ मध्ये ऑइल उशिरा बदलल्याने २०२२ मध्ये कूलरला तडा गेला का? बादलीतले बुडबुडे साध्या पाण्यामुळे आले का? ते पाणी भरावं लागलं, कारण तुम्ही तीनदा भरून दिलेलं कूलंट टिकलं नाही. आणि काटा उशिरा चढला तो पातळी सेन्सरच्या खाली गेल्यामुळे. तुमच्याच स्कॅनरच्या नोंदीत तापमान मध्यावरून एकदम वर गेलेलं आहे, ती नोंद कृपया उत्तरासोबत द्या. नोंद आली नाही, पण तो मुद्दा पुढच्या पत्रात परत आलाही नाही.

चूक मान्य केल्याने दावा कमजोर होतो असं अनेकांना वाटतं. मला उलटं दिसलं. समोरचा जे खरं दाखवून देतो, ते आपण सरळ मान्य केलं की उरलेल्या कागदांवर विश्वास बसतो. आठशे मीटरचा मुद्दा मात्र मी आजही पूर्ण खोडून काढू शकत नाही. दिवा लागल्यावर त्या आठशे मीटरमध्ये हेड थोडं अधिक वाकलं असणार. घाटात मागे ट्रक असताना दुसरं काय करता आलं असतं, तेही मला सांगता येत नाही.

कायद्याची बाजू

दुसऱ्या उत्तराआधी मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन करून मराठीत तक्रार नोंदवली आणि तिचा क्रमांक पुढच्या पत्रात घातला. साताऱ्यातल्या एका वकिलांकडे तासभर बसलो. त्यांचं एक वाक्य मला सगळ्यात उपयोगी पडलं: "उत्पादनातला दोष म्हणू नका, सेवेतली त्रुटी म्हणा."

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये वस्तूतला दोष आणि सेवेतली त्रुटी या दोन वेगळ्या व्याख्या आहेत. इंजिन बनवतानाच दोष होता असं म्हटलं तर ते सिद्ध करायला तज्ज्ञाचा अहवाल लागतो. कलम ३८ नुसार ग्राहक आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, त्यात वेळ जातो. सेवेतल्या त्रुटीसाठी पुरावा त्यांच्याच कागदात होता: वॉरंटी चालू असताना तक्रार नोंदवली, तीनदा कूलंट भरलं, एकदाही दाब तपासला नाही. वॉरंटी संपली म्हणून त्या तारखांना झालेली चूक पुसली जात नाही, असा आमचा युक्तिवाद होता.

बाकी गोष्टी आमच्या बाजूच्या होत्या. तक्रारीसाठी घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते, कलम ६९. कंपनीचं मुख्यालय कुठेही असलं तरी तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात दाखल करता येते, त्यामुळे साताऱ्यातच चाललं असतं. दिलेली किंमत दहा ते वीस लाखांमध्ये असल्याने शुल्क ४०० रुपये. तेव्हा ऑनलाइन दाखल करायला ई-दाखिल होतं, जानेवारी २०२५ पासून त्याची जागा ई-जागृतीने घेतली आहे. मसुदा तयार झाला, पण दाखल केला नाही. त्याची प्रत मात्र अंतिम मागणीसोबत कंपनी आणि वर्कशॉप दोघांनाही रजिस्टर पोस्टाने पाठवली, पंधरा दिवसांची मुदत देऊन.

तडजोड

बाराव्या दिवशी कंपनीच्या विभागीय सर्व्हिस मॅनेजरचा फोन आला. ते साताऱ्याला आले, व्हिडिओ पाहिला, कूलर हातात घेऊन पाहिला. माणूस सभ्य होता. वॉरंटी संपल्यावरही कंपनीकडे अशा गाडीसाठी काही रक्कम सोडण्याची मुभा असते, त्याला ते गुडविल म्हणतात. वर्कशॉपला ती नसते, वर्कशॉप फक्त शिफारस करू शकतं. म्हणून पत्र पहिल्या दिवसापासून कंपनीलाही जायला हवं. सगळ्या सर्व्हिस अधिकृत ठिकाणी झाल्या होत्या याचाही उपयोग झाला असं त्यांच्या बोलण्यावरून वाटलं.

आधी भागांवर चाळीस टक्के म्हणाले. शेवटी साठ टक्के भाग कंपनीकडून, म्हणजे ८९,४०० रुपये, आणि पूर्ण मजुरी ३३,००० वर्कशॉपने सोडली. दाजींवर आले ७१,६००, त्यातून आधी भरलेले नऊ हजार वजा. पार्किंग नाही. नव्या भागांवर एक वर्ष किंवा २०,००० किलोमीटरची लेखी हमी, ती ताईने मागून घेतली. बदल्यात "कोणतीही चूक मान्य न करता" असं लिहिलेल्या तडजोडपत्रावर सही, आणि पुढे दावा नाही.

माझं मत होतं, सही करू नये. कागद आपल्या बाजूने होते, आणि दीड महिना भाड्याच्या गाडीवर घातलेले सव्वीस हजार या तडजोडीत कुठेच नव्हते. मला ते त्यांच्याच अक्षरात लिहून हवं होतं की तक्रार ऐकली गेली नाही. दाजी म्हणाले, "तुझं बरोबर आहे, पण माल न्यायला मला गाडी पाहिजे. निकाल लागेपर्यंत गाडी तिथेच उभी ठेवू का?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुरुस्ती करून घेऊन मग पैशांसाठी भांडता आलं असतं, पण त्यासाठी आधी पूर्ण १,९४,००० भरावे लागले असते, आणि पाटल्या पुन्हा रुमालात आल्या असत्या. ताईने सही करायला सांगितली. दाजींनी केली. तिचा निर्णय तिच्या घरासाठी योग्य होता. तरी त्या सव्वीस हजारांची आणि त्या न मिळालेल्या एका वाक्याची रुखरुख मला आहे.

सत्तेचाळिसाव्या दिवशी गाडी घरी आली. घेताना काकांनी बाटलीवर पातळीच्या रेषेपाशी मार्करने तारीख घातली. दाजी आता दर रविवारी सकाळी, इंजिन गार असताना, बॉनेट उघडून ती रेष पाहतात, आणि ताई कॅलेंडरवर टिक करते.

मे २०२५ मध्ये ८९,००० किलोमीटरला सर्व्हिस झाली. दाजींनी काउंटरवर उभं राहून अ‍ॅडव्हायझरकडून जॉब कार्डवर एक ओळ जास्तीची लिहून घेतली: "कूलंट पातळी खुणेवर, भरले नाही." त्याचा फोटो त्यांनी मला आणि काकांना पाठवला. जुना कूलर त्यांच्या कोरेगावच्या गोदामात, वजनकाट्याच्या मागच्या फळीवर ठेवलेला आहे.